दोन वीत, चार बोटं

४ फेब्रुवारी

ताई,

गादी पोचली. एवढं कळवण्यापुरतंच लिहिते आहे.

दारात आली तेव्हा हवा काढून आवळलेली होती, माझ्या कमरेइतकी उंच गुंडाळी. आत काय आहे म्हणून पार्सलवाल्यानं विचारलं, तर मी म्हटलं, माझ्या बहिणीचा राग आहे. त्याला घाई होती, हसला नाही. प्लास्टिक कापलं आणि ती सुस्कारे टाकत फुगायला लागली. मी टीपॉय, खुर्च्या, चपलांचं कपाट एकेक मागे सरकवत गेले आणि ती पुढे येत गेली. आता बैठकीच्या खोलीत गादी आहे आणि तिच्या कडेकडेनं मी आहे.

आत तुझी चिठ्ठी असेल म्हणून शोधली. कंपनीचं पत्रक निघालं. गादीखाली भक्कम आधार हवा, पट्ट्यांमध्ये तीन बोटांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर हमी लागू नाही. गादीलासुद्धा हमी मागता येते, मला फक्त तुझा बंद झालेला फोन.

आईशी तू दर रविवारी बोलतेस, पण ती फोनवर सगळ्यांना ‘मी मजेत’ सांगते, म्हणून खरं लिहिते. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालंय. उजवं मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे. ज्या केंद्रात तिचे व्यायाम चाललेत, तिथेच मागच्या बाजूला कायमचं राहणाऱ्यांची इमारत आहे आणि तिथे एक जागा रिकामी झाली आहे. ती जाऊन बघूनही आली, वॉकर घेऊन. मग मला समोर बसवलं.

“पलंगावरून माझी मी उठले, तर घरी येईन,” म्हणाली. “नाही उठता आलं तर इथेच राहीन. काखेत हात घालून मला कुणी उचललेलं चालणार नाही. तू तर नाहीच.”

मी तर का नाही, असं विचारलं. म्हणाली, तू उचलशील आणि मग दिवसभर बोलून दाखवशील.

तर प्रश्न असा की तुझी ही गादी ठेवायची कशावर. आपली जुनी लोखंडी खाट आठवते ना? बुटकी, जाळी मधोमध लोंबलेली. तिच्यावर टाकून पाहिली, तर गादीनंही तोच खड्डा घेतला. आपण दोघी भांडून दोन कडांना तोंडं फिरवून झोपायचो आणि सकाळी मधल्या खड्ड्यात एकमेकींच्या अंगावर सापडायचो, तोच खड्डा. त्यातून मला उठताना कठड्याला धरावं लागलं. आईचं काय होईल?

जमिनीवर ठेवायचा तर विचारच नको. दोन बाकं जोडून त्यावर ठेवली, ती बाकं एकमेकांपासून दूर सरकत गेली आणि मी मध्ये. सकाळपासून या गादीला घेऊन घरभर फिरते आहे.

उत्तर देऊ नकोस. कळवलं, संपलं.

भुणभुण


९ फेब्रुवारी

ताई,

पलंगाच्या कडेला अडकवायचा दांडा मिळाला. पत्राला पार्सलनं उत्तर देणारी तू जगात पहिलीच असशील. तरी लिफाफा फोडलास हे कळलं. फोनवर पाठवलेलं तू उघडत नाहीस, पण बंद लिफाफा समोर ठेवून तुला राहवत नाही, हे मी लहानपणापासून ओळखून आहे. म्हणून तर कागद.

दांडा अडकवायला पलंग हवा, म्हणून फर्निचरच्या दुकानात गेले. दुकानदारानं बॉक्स बेड दाखवला. खाली जमिनीपर्यंत बंद पेटी, फळी उचलली की आत अख्खा संसार मावेल. मला तो बघताक्षणी आवडला. आपलं घर केवढं ते तुला ठाऊक आहे, आईची शिवणाची कापडं, जुनी मशीन, माझे गाडी शिकवायचे शंकू आणि झेंडे, सगळं पोटात गेलं असतं. दुकानदार म्हणाला, वरची फळी सलग आहे, गादी इकडची तिकडे होणार नाही. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं.

नशीब, आधी केंद्रातल्या व्यायामबाईंना विचारलं. त्यांनी मला भिंतीकडेच्या लाकडी पेटीवर बसवलं, टाचा पेटीला टेकवून. म्हणाल्या, हात न लावता उठा. ताई, मी धडधाकट बाई, दिवसभर गाडीतून चढउतार करणारी, पण मला उठता येईना. दोनदा पुढे झुकले आणि दोनदा धपकन मागे बसले. आई खुर्चीत बसून बघत होती आणि तिला भारी मजा येत होती. मग व्यायामबाईंनी मला साध्या खुर्चीवर बसवलं. पाय आपोआप मागे गेले, टाचा खुर्चीखाली, आणि उभी.

त्या म्हणाल्या, पलंगाखाली टाचांना मागे जायला जागा हवी. तळवे पूर्ण जमिनीवर टेकायला हवेत. आणि कडेला बसल्यावर कड दबून खाली घसरायला नको. म्हणजे बॉक्स बेड गेला. सलग फळी नको असं पत्रकातही बजावलंय, हा फोम खालून हवा खेळली नाही तर घामेजतो म्हणे.

सगळं कळलं आणि हातात काहीच नाही. आज शिकवताना एका मुलीनं चौकात गाडी बंद पाडली, मागून सगळे बोंबलत होते. मी एरवी शांत असते, गाडीत तरी. आज मी तिच्यावर ओरडले. नंतर माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. गाडी तर उभीच होती.

तू इथे असतीस तर आतापर्यंत चार दुकानं तोंडी तपासून, दोन माणसांना वेड लावून पलंग घरात आणला असतास. मला हे लिहायचं नव्हतं.

भुणभुण


१४ फेब्रुवारी

ताई,

सुतार मिळाला. आता जरा श्वास घेते.

मी शिकवते त्या रस्त्याच्या टोकाला त्याचं दुकान आहे. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. हट्टी आहे. त्याला सलग प्लायच घालायचं होतं. पट्ट्या म्हणे वाजतात. मी पत्रक पुढे केलं. त्यानं ते चष्मा लावून वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, गादी बनवणाऱ्यांना लाकडातलं काय कळतं. शेवटी ठरलं ते असं: चौकट सागाची, आडव्या पट्ट्या रुंद आणि जवळजवळ, मध्ये एक उभा आधार आणि त्याला एक जादा पाय, खाली सगळं मोकळं, बाजूच्या पाट्यांना वर थोडी कड, म्हणजे गादी सरकणार नाही. पट्टी वाजली तर बदलून देईन, पण मग ऐकवीनही, असं त्यानं सांगून ठेवलंय. माझ्या जातकुळीचा माणूस आहे.

माप आईनंच सांगितलं. उंची किती हवी म्हटल्यावर ती हसली.

“माझ्या गुडघ्याचं माप मला विचारतेस?” म्हणाली. “दोन वीत, चार बोटं. गादीसकट. मी बसल्यावर.”

तुला आठवतं का, टेप तिच्या गळ्यात असायचा आणि माप वितीचं असायचं. दारावरून जाणाऱ्या पोराकडे बघून शाळेच्या चड्डीचं कापड किती लागेल ते सांगायची. मात्र कात्री चालवायची ती माणूस समोर उभं केल्यावरच. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या वर्गाची मापं कागदावर लिहून पाठवली, तर हिनं कापडाचा गठ्ठा तसाच परत धाडला होता. कागदाला खांदे नसतात, म्हणाली होती. त्या वर्षी आपल्याकडे काम कमी होतं, तरी.

मी मिस्त्रीकडे जाऊन काठीवर खूण करून दिली. दोन वीत, चार बोटं. त्यातून गादीची जाडी वजा, बसल्यावर ती दबते तेवढं परत जमा, हे मिस्त्रीनं केलं. चौकट घरी उभी राहिली, वर गादी टाकली आणि मी बसून पाहिलं. झकास. तळवे जमिनीवर, टाचा मागे, हात न लावता उठले. तीनचार वेळा उठले, मिस्त्री म्हणाला, बाई, झिजेल.

पुढच्या आठवड्यात आईला दुपारपुरती घरी आणायची आहे, व्यायामबाई सोबत येणार. जमलं तर महिनाअखेर कायमची घरी.

दोन दिवस झाले, घरात नुसती फिरते आहे. तिच्या खोलीतलं कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं आणि परत आणलं. पायाला भिंगरी आहे असं ती म्हणायची ते काही खोटं नाही.

भुणभुण


२१ फेब्रुवारी

ताई,

नाही जमलं.

आई आली. दारातून तिच्या खोलीपर्यंत वॉकरनं चालली, मध्ये थांबून भिंतीवरची धूळ बोटानं पुसून मला दाखवली. पलंग बघितला. पाटीवरून डावा हात फिरवला, पट्ट्या वाकून बघितल्या, खोट काढली नाही, म्हणजे आवडला. मग पाठमोरी झाली, व्यायामबाईंनी सांगितलं तशी बसली.

आणि तिचे पाय लोंबत राहिले.

मी खाली बसून बघितलं. तळव्याखाली माझा हात आरामात जात होता. तिनं पाय ताणून बोटं टेकवायचा प्रयत्न केला, तशी ती कडेवरून घसरायला लागली, व्यायामबाईंनी धरलं. काखेत हात घालून. तिला नको होतं तेच. तिचा चेहरा असा झाला की मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला.

पायाखाली पाट ठेवू, असं मी म्हटलं. व्यायामबाईंनी मान हलवली, पाटाला अडखळून दुसरा खुबा जाईल. आई म्हणाली, “चल, परत जाऊ. त्या बाजूची जागा बरी आहे. खिडकी आहे.” एवढं शांतपणे म्हणाली. चिडली असती तर मी पण चिडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

परतताना मी गाडीत तिच्या शेजारी बसून सिग्नलला थांबले होते, तेव्हा तिचा डावा हात तिच्या मांडीवर होता आणि माझा गिअरवर. दोन्ही हात एकाच वेळी दिसले. ताई, मी माझी वीत मोजली होती. तिच्या गुडघ्याचं माप, आणि वीत माझी. हे आपल्याच घरात होऊ शकतं. दुसऱ्या कुणी सुताराला सेंटिमीटर सांगितले असते. मला बाबांचे फावड्यासारखे पंजे मिळालेत, आणि उंचीही त्यांचीच, म्हणून पलंग मला झकास बसला. मी माझ्या मापाचा पलंग करून घेतला आणि त्यावर आईला बसवलं.

तू म्हणशील, मी म्हणतच होते. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, आईला माझ्याकडे पाठव, तिची खोली तयार आहे, तुला नाही जमायचं. आणि मी म्हटलं, आई म्हणजे सामान नव्हे. मग तू फोन ठेवलास तो ठेवलासच. आज जमलं नाही हे मीच तुला लिहून कळवते आहे. घे.

मिस्त्री पाय कापून देईल. पण एकदा कापले की कापले, उंची परत जोडता येत नाही, तेव्हा माप नक्की आणा, असं त्यानं बजावलंय. आईचा मापाचा, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तिच्या हातासारखा हात फक्त तुझा. तिचं शिवणाचं अंगुस्तान आपल्या दोघींत तुझ्याच बोटात बसायचं, मी रडायचे. उंच असूनही हात तेवढा आईचा आला तुला.

तुझी वीत कळव. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, आणि चार बोटांची रुंदी. आकडा लिहून पाठव, बाकी एक शब्द नको.

भुणभुण


२५ फेब्रुवारी

ताई,

काही आलं नाही. पार्सलसुद्धा नाही.

केंद्रातली मॅडम विचारत होती, ती मागची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची का. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाली. शुक्रवारी सकाळी मिस्त्री करवत घेऊन घरी येणार आहे आणि दुपारी आईला परत एकदा आणायची. व्यायामबाईंनी त्यांची सुट्टीची दुपार दिली आहे. आई तयार नव्हती. एकदा बघ, मग मी बोलणार नाही, असं म्हटल्यावर ती हो म्हणाली. तिचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

आता एक सांगून टाकते, नाहीतर मला बसवत नाही. टेप माझ्या पर्समध्ये आहे. पहिल्यापासून आहे. कालच केंद्रात तिचा गुडघा मोजून आलेय, आकडा पर्समध्ये टेपच्या शेजारी आहे. तिच्या गुडघ्यासाठी मला तुझ्या वितीची काही गरज नव्हती.

मला तू हवी होतीस. भांडायला तरी. आईच्या पडण्यापासून हे सगळं मी एकटी करते आहे आणि प्रत्येक गोष्ट करताना माझ्या डोक्यात तू चुका काढत असतेस. तुझा आवाज इतका पाठ आहे मला. खरा आवाज ऐकून किती दिवस झाले हे मी मोजत नाही, मोजलं तर अजून राग येईल.

शुक्रवारी तुझा हात आला तर तुझ्या हातानं कापीन. नाही आला तर टेपनं. आई कुठल्याही मापानं उठेल, माझं काय होईल ते बघू.

भुणभुण


१ मार्च

ताई,

मिस्त्री पलंग आडवा पाडून बसला होता, करवत हातात, आणि मी उगाच त्याला दुसरा चहा देत होते. तेव्हा लिफाफा आला. आकडा नाही, कागदावर अख्खा हात. पेन्सिलीनं गिरवलेला, अंगठा ताणलेला, करंगळी तशीच बाहेर वाकडी. कोपऱ्यात तुझ्या अक्षरात, ‘पूर्ण ताणून काढला आहे. नीट कापा.’ मी तो कागद धरून खोलीत फेऱ्या मारायला लागले. मिस्त्री म्हणाला, बाई, कागद इकडे द्या, नाहीतर संध्याकाळ होईल.

दोन वीत, चार बोटं, कागदावरून काठीवर. मग मी पर्समधला आकडा काढला. दोघांचं एकच म्हणणं निघालं. मिस्त्रीनं पाचही पायांवर खुणा केल्या, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कापायला लागला. भुसा खोलीभर. खाली पडलेले तुकडे हातात घेतले, चार बोटं उंचीचे. माझ्या आणि आईच्या हातातला एवढा फरक.

दुपारी आई आली. पलंग बुटका झालेला बघून म्हणाली, “आता कुणाच्या मापाचा केलास?” पाठमोरी झाली, बसली. तळवे पूर्ण टेकले. टाचा मागे गेल्या, मोकळ्या जागेत. तुझ्या दांड्यावर तिनं डावा हात ठेवला, जरा पुढे झुकली, आणि कुणाकडेही न बघता उठली. कुणी हात लावला नाही. मी माझे हात मागे बांधून उभी होते, ताई, नाहीतर लावला असता.

मग परत बसली, परत उठली. मशीनला नवी सुई लावली की ती आधी चिंधीवर दोनदा चालवून बघायची, तसं. पट्टी एकही वाजली नाही. मिस्त्रीला मी अजून सांगितलेलं नाही.

मी रडले. व्यायामबाईही रडल्या, त्यांचं तर काही नातंही नाही. आई म्हणाली, मॅडमला फोन करा, ती खिडकीची जागा देऊन टाका कुणाला तरी.

मग तिला तुझा कागद दाखवला. तिनं तो मांडीवर पसरला आणि त्यावर आपला डावा हात पालथा टाकून बोटं जुळवली. कागदावरचा हात सगळ्या बाजूंनी थोडा थोडा बाहेर उरला. तिचा हात आटलाय, ताई. जे माप तिनं मला सांगितलं, ते तिच्या जुन्या हाताचं होतं, मशीनवर बसायची तेव्हाच्या. आताचा तिचा हात मोजला असता तर पलंग फारच खाली गेला असता. तुझाच हात खरा निघाला.

तिनं गिरवलेल्या करंगळीवरून एकदा बोट फिरवलं. मग कागदाची घडी घालून माझ्याकडे दिली.

“परत पाठव,” म्हणाली. “कागदावरचं माप मी कधी घेतलं नाही. तिला म्हणावं, समोर येऊन उभी राहा.”

म्हणून कागद सोबत आहे.

पलंगाचे कापलेले तुकडे मी भुशाबरोबर टाकायला निघाले होते, तर आईनं अडवलं. जुन्या खाटेच्या पायांखाली बसव म्हणाली, ती खाट बुटकी आहे, ताई लांब पायांची, तिचे गुडघे हनुवटीला लागतील. तू येणार की नाही हे तिनं विचारलं नाही, मीही काही म्हटलं नाही. मिस्त्रीनं खाटेचे लोखंडी पाय तुकड्यांमध्ये खाच पाडून बसवून दिले. पाचवा तुकडा उरला तो दाराला टेकू म्हणून ठेवलाय, दार आता आपोआप लागत नाही.

जाता जाता मिस्त्री म्हणाला, ही लोंबलेली जाळी काढून टाकू, पट्ट्या उरल्यात, दोघी झोपलात तरी एकमेकींकडे घसरणार नाही.

मी म्हटलं, जाळी राहू दे.

भुणभुण